मांडव्याचा शूळ आणि लिखिताचे हात

मनुष्याने मनुष्याला दंड करावा, त्याचे द्रव्य, त्याचे स्वातंत्र्य आणि प्रसंगी त्याचे प्राणही हिरावून घ्यावेत, आणि या हिरावून घेण्याला सूड न म्हणता न्याय म्हणावे, हा अधिकार त्याला कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न जितका कायद्याचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, धर्माचा आहे. फौजदारी न्यायालयात उभ्या असलेल्या इसमास दोषारोप वाचून दाखविला जातो आणि गुन्हा कबूल आहे की नाही असे विचारले जाते, तेव्हा त्या एका प्रश्नात दोन प्रश्न एकवटलेले असतात: तुझ्या हातून हे कृत्य घडले काय, हा एक, आणि त्या कृत्याच्या मागे तू स्वतः, तुझ्या जाणत्या मनाने, उभा होतास काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साक्षीपुराव्याने देता येते. दुसऱ्याचे उत्तर शोधणे ही मनुष्याच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी आहे, आणि या कसोटीला उतरण्यासाठी कायद्याला आपल्या मर्यादांची जी जाणीव ठेवावी लागते, तीच त्याला धर्माच्या जवळ आणते, असे मला वाटते.

याज्ञवल्क्यस्मृतीची रचना आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त अशा तीन अध्यायांची आहे. मनुष्याने कसे वागावे हे पहिल्यात, वागणुकीवरून तंटा उत्पन्न झाला तर राजाने निवाडा कसा करावा हे दुसऱ्यात, आणि पाप घडलेच तर पाप करणाऱ्याने स्वतःला शुद्ध कसे करून घ्यावे हे तिसऱ्यात. आधुनिक राज्यसंस्थेने यांतला मधला अध्याय तेवढा आपल्याकडे घेतला आणि उरलेले दोन व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोपविले. हे योग्यच झाले, कारण ज्या राज्यात भिन्न भिन्न श्रद्धांचे लोक नांदतात तेथे पापाची व्याख्या सरकारने करू नये. परंतु अध्याय वेगळे झाले म्हणून त्यांच्यातील संबंध तुटला असे नाही. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे प्रचंड काम केले, त्याच्या चौथ्या खंडाचा मोठा भाग त्यांनी पातक आणि प्रायश्चित्त यांच्या विवेचनास दिला. कायदा जाणणाऱ्या या पंडिताने या विषयावर इतकी शक्ती वेचावी, यात मला त्या संबंधाचीच साक्ष दिसते.

आपल्या देशात फौजदारी कायद्याला आज जे रूप आहे त्याचा आराखडा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1837 साली तयार केला. तो 1860 साली मंजूर झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंडसंहिता या नावाने अंमलात आला. दीडशेहून अधिक वर्षे चाललेल्या त्या संहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे; कलमांचे आकडे बदलले, काही शिक्षा वाढल्या, काही नव्या आल्या, पण आतला सांगाडा बव्हंशी तोच राहिला. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, फसवणूक करून मालमत्ता उकळणाऱ्यास सात वर्षांपर्यंत, खुनाला जन्मठेप अथवा फाशी, असे हे कोष्टक वरवर पाहणाऱ्यास केवळ जिनसांच्या दरपत्रकासारखे भासेल. पण जरा थांबून पाहिले तर हे कोष्टक नुकसानीचे माप घेत नसून मनाचे माप घेते, हे ध्यानात येते. एक मनुष्य मरण पावला, एवढीच घटना. परंतु मारण्याच्याच हेतूने घाव घातला असेल तर तो खून, घाव घालणाऱ्याच्या मनाची अवस्था त्याहून काही पायऱ्या खाली असेल तर खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, आणि बेपर्वाईने गाडी हाकताना कोणी चाकाखाली आला असेल तर हयगयीने घडलेला मृत्यू, ज्याला नव्या संहितेत सामान्यतः पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मृताच्या आप्तांचे दुःख तिन्ही ठिकाणी सारखेच असते. तरीही कायदा तीन निराळी नावे देतो आणि तीन निराळ्या शिक्षा सांगतो, कारण दोष कर्माच्या परिणामात नसून कर्त्याच्या संकल्पात असतो, हे जे तत्त्व धर्मवेत्त्यांनी पूर्वीच ओळखले होते, त्याच्यावाचून कायद्यालाही पाऊल टाकता येत नाही.

हेच तत्त्व ज्या प्रकरणात अधिक स्पष्टपणे उमटले आहे ते प्रकरण म्हणजे सर्वसाधारण अपवादांचे. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज परिपक्व झाली नसेल तर त्याचेही नव्हे. वेडाच्या भरात आपण काय करतो आहोत हे, किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे हे, ज्याला कळण्याची शक्तीच उरली नव्हती त्याचे नव्हे. वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज झालेल्याचे नव्हे. योग्य काळजी घेऊन कायदेशीर काम करीत असता अपघात घडलेल्याचे नव्हे. आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण मर्यादेत राहून करणाऱ्याचेही नव्हे. लोकांच्या बोलण्यात या अपवादांना पळवाटा म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि एखादा आरोपी यांतील एखाद्या आधाराने सुटला की वकिलाच्या कावेबाजपणाने न्याय हरला अशी हळहळ व्यक्त केली जाते. ही हळहळ मला अज्ञानमूलक वाटते. हे अपवाद म्हणजे कायद्याच्या तटबंदीला पडलेली भगदाडे नसून, दंडाचा अधिकार कोठवर पोचतो आणि कोठे थांबतो, हे दंडाधिकाऱ्याने स्वतःलाच घालून दिलेले बंधन आहे.

हे बंधन नसले म्हणजे काय घडते हे महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीच्या कथेत सांगितले आहे. मौनव्रत धारण करून तपश्चर्येस बसलेल्या मांडव्याच्या आश्रमात चोरांनी लुटीचा माल लपविला आणि स्वतःही तेथेच दडून बसले. मागावर आलेल्या राजपुरुषांनी त्याला विचारले, तो काही बोलला नाही. मुद्देमाल आश्रमात सापडला. राजाने त्याला चोरांबरोबर शूळावर चढविण्याचा हुकूम केला. तो तपोबलाने मेला नाही, राजाला सत्य कळले, त्याने क्षमा मागितली, पण शूळ अंगातून निघेना, तेव्हा तो कापावा लागला आणि त्याचे टोक अंगात वागवीतच मांडव्य पुढे वावरला. नंतर त्याने प्रत्यक्ष यमधर्माला जाब विचारला, की हे फळ माझ्या कोणत्या कर्माचे? बालपणी तू कीटकांच्या अंगात काडी खुपसली होतीस, असे धर्माने सांगितले. तेव्हा अल्प अपराधाला एवढा मोठा दंड देणाऱ्या त्या धर्मालाच मांडव्याने मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला; तो धर्म पुढे विदुराच्या रूपाने जन्मला. आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंत घडलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा मांडव्याने घालून दिली.

या एका कथेत फौजदारी न्यायाची केवढी तत्त्वे साठविलेली आहेत! मौन म्हणजे कबुली नव्हे: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे आपल्या संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने सांगितले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे. जवळ माल सापडला एवढ्यावरून मन चोराचे ठरत नाही. दंड अपराधाच्या प्रमाणात असला पाहिजे. अजाण वयाचा दोष जाणत्या वयाच्या तराजूत घालू नये. आणि या सर्वांहून मोठे तत्त्व असे, की दंड देणारा चुकला तर तोही दंडास पात्र असतो, मग तो दंड देणारा साक्षात धर्म का असेना! कौटिल्याने हे राजकीय भाषेत मांडले: निरपराध्याला दंड करणाऱ्या राजाने त्या दंडाच्या तीसपट रक्कम वरुणाला जलात अर्पण करावी आणि नंतर ती ब्राह्मणांना द्यावी, असे त्याने सांगितले आहे. चुकीच्या दंडाने राजालाही पाप लागते, आणि ते पाप त्याने पदरमोड करून फेडले पाहिजे, हा त्यातला आशय आजही आपल्याला लज्जित करील असा आहे. विनाकारण अटक करविणाऱ्याने अटक झालेल्यास द्यावयाच्या भरपाईची कायद्यातील कमाल मर्यादा अजूनही एक हजार रुपये आहे. आणि नाहक खटल्यात भरडल्या गेलेल्यांना भरपाई मिळण्याची निश्चित तरतूद असावी, अशी शिफारस विधि आयोगाने 2018 साली आपल्या 277 व्या अहवालात केली, त्या गोष्टीला आता कित्येक वर्षे लोटली आहेत. आपल्या तुरुंगांतील बहुसंख्य माणसे दोषी ठरलेली नसून निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी आहेत. त्यांतला जो निर्दोष सुटेल, त्याच्या अंगात शूळाचे टोक राहिलेलेच असेल, आणि त्याबद्दल जाब विचारण्यास त्याच्यापाशी मांडव्याचे तपोबल असणार नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनाचाच शोध घ्यावयाचा तर राज्यकारभार चालेल कसा? 1962 च्या नोव्हेंबरात झ्यूरिकहून मनिलाकडे जाणारा एक परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर थांबलेल्या विमानातून खालीही उतरला नव्हता. पण झडतीत त्याच्या अंगावर चौतीस किलो सोने सापडले. अशा सोन्याची विमानाच्या मालयादीत नोंद असलीच पाहिजे, असा नियम अवघ्या काही दिवसांपूर्वी राजपत्रात प्रसिद्ध झालेला होता, आणि तो आपणास ठाऊक नव्हता असा त्याचा बचाव होता. उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरविले, कारण देशाच्या अर्थव्यवस्थेचे रक्षण करणाऱ्या कायद्यात दोषी मनाची अट वाचली तर तो कायदा निष्प्रभ होईल. मात्र न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले, आणि बहुमतानेही शिक्षा भोगून झाली तेवढीच पुरे मानली. या निर्णयाची बाजू मी समजू शकतो. जकात, परवाने, अन्नभेसळ अशा क्षेत्रांत राज्याला काही कठोर नियम ठेवावेच लागतात. परंतु जेथे दोषी मन न पाहता दंड केला जातो तेथे त्या दंडाला नैतिक निंदेची धार असू नये आणि तो शक्य तितका सौम्य असावा, एवढी मर्यादा पाळली गेली तरच दंडाचा अधिकार शाबूत राहतो. आणि शिक्षा कमी करताना न्यायालयाने हीच मर्यादा नकळत मान्य केली, असे मला दिसते.

याच्या उलट टोकाचा प्रसंग 1884 साली इंग्लंडातील न्यायालयापुढे आला. बुडालेल्या गलबतातून छोट्या होडीत उतरलेल्या, उपासमारीने मरणोन्मुख झालेल्या खलाशांनी बरोबरच्या पोरसवदा नोकराला मारून त्याच्या मांसावर प्राण राखले. निरुपाय हा खुनाला बचाव होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले, फाशी सुनावली, आणि मग राजसत्तेने ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. आपल्या संहितेतही प्राणभयाने केलेले कृत्य क्षम्य मानले आहे, पण खुनाला ती सवलत नाही. आपला जीव वाचविण्यासाठी निरपराध्याचा जीव घेणे योग्य, असे कायदा कधीही म्हणणार नाही; परंतु त्या होडीत आपण असतो तर काय केले असते या विचाराने तो दंडाचा हात आखडता घेईल. सत्य सांगताना कठोर आणि दंड करताना दयाळू असे हे जे दुहेरी वर्तन, ते विसंगत नसून न्यायाचे सर्वांत परिपक्व रूप आहे.

आता दंडाच्या हेतूकडे वळू. मनुस्मृतीत शब्दाने समज, धिक्कार, द्रव्यदंड आणि शेवटी देहदंड अशी चढती श्रेणी सांगितली आहे, आणि राजाकडून दंड पावलेला अपराधी निर्मळ होतो असेही म्हटले आहे. त्याच स्मृतीने अनेक अपराधांत जन्माच्या उतरंडीवर दंडाचे प्रमाण ठरविले, ब्राह्मणाला प्राणदंडाऐवजी मुंडन सांगितले, आणि दंडनीतीच्या मुळावरच घाव घातला. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिचे जे दहन झाले त्यामागची वेदना ज्याला कळली नाही, त्याला समान न्यायाचा अर्थही कळला नाही, असे मी मानतो. तरीही दंडाने मनुष्य निर्मळ होतो या कल्पनेत, तिच्या सभोवतीचा अन्याय बाजूला केल्यावर, जे उरते ते टाकून देण्यासारखे नाही. दंड भोगून झाल्यावर दोष संपला पाहिजे, असा तिचा अर्थ आहे.

हा अर्थ शांतिपर्वातील शंख आणि लिखित या भावांच्या कथेत पूर्णत्वास गेला आहे. लिखिताने भावाच्या आश्रमातील फळे त्याला न विचारता तोडून खाल्ली. ही चोरी आहे, राजाकडे जा आणि दंड मागून घे, असे शंखाने सांगितले. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. दंड देण्याचा अधिकार जसा राजाचा तसाच क्षमा करण्याचाही, असे म्हणून राजाने त्याला सोडू पाहिले; परंतु लिखिताने दंडच मागितला, आणि राजाला त्याचे हात तोडावे लागले. तो भावाकडे परतला तेव्हा शंखाने त्याला बाहुदा नदीत स्नान करण्यास सांगितले, आणि त्याचे हात पुन्हा उगवले. तुझ्या तपाचे एवढे सामर्थ्य होते तर तूच मला प्रथम का शुद्ध केले नाहीस, असे लिखिताने विचारता शंख उत्तरला, की दंड देणे माझा अधिकार नव्हता; राजाने तो दिला, त्याने तूही शुद्ध झालास आणि तोही.

शिक्षेची कठोरता आज कोणालाही मान्य होणार नाही, होऊही नये. पण कथेतील अधिकारविभागणी विलक्षण सूक्ष्म आहे. राजाकडे दंड आहे, अपराध्याकडे कबुली आहे, आणि हात परत देण्याची शक्ती त्या भावाकडे आहे ज्याचा अपराध झाला होता. आपल्या प्रक्रियासंहितेत 2005 च्या दुरुस्तीने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत, कबुली देऊन सौम्य शिक्षा ठरवून घेण्याची वाट उघडली. खटले तुंबलेल्या न्यायालयांना ती उपयुक्त आहे, तिचा मी विरोध करीत नाही. पण तेथील कबुली हा सौदा असतो आणि लिखिताची कबुली ही आत्मशुद्धी होती, आणि पहिलीला दुसरीचे नाव देऊन आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

प्रायश्चित्त सांगता येते, पण देता येत नाही, हे महाराष्ट्राने आपल्या इतिहासात पाहिले आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यानंतर स्वतः पेशवेपद घेतलेल्या रघुनाथरावांना त्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्ताखेरीज शुद्धी नाही असे निर्भयपणे सांगितले आणि आपले पद सोडले. सत्ताधीशाला दंड करण्याचे साधन शास्त्र्यांपाशी नव्हते. त्यांच्यापाशी फक्त दोषाचे यथार्थ नाव उच्चारण्याचे धैर्य होते. रघुनाथरावांनी ते प्रायश्चित्त घेतले नाही. यावरून न्यायाची दोन अंगे स्पष्ट होतात: राज्य दंड लादू शकते पण पश्चात्ताप लादू शकत नाही, आणि पश्चात्तापासाठी जे करता येते ते एवढेच, की त्याला अवसर ठेवावा. म्हणूनच मला फाशीच्या शिक्षेचा विचार अस्वस्थ करतो. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ती विरळातील विरळ प्रकरणापुरती मर्यादित केली हे ठीकच झाले. परंतु स्वेच्छेने पत्करलेला देहान्त आणि दोरखंडाने लादलेला देहान्त यांत जे अंतर आहे ते कोणत्याही कठोर निकषाने भरून निघत नाही. लादलेला मृत्यू चुकीची दुरुस्ती आणि दोषाचे क्षालन या दोन्ही वाटा एकदमच बंद करतो.

उलट वाट उघडी ठेवली तर काय साधते याचा दाखला आपल्याच भूमीत आहे. औंध संस्थानच्या मुलखात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीवाचून, शेतीच्या कामात आणि विश्वासाच्या वातावरणात ठेवण्याचा प्रयोग झाला, ज्याच्यावरून पुढे 1957 साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. नव्या संहितेने काही लहान गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल तर चोराला तुरुंगाऐवजी सेवा करावी लागते. अपराध्याच्या हातांना बेड्या न घालता काम देणारी ही तरतूद आकाराने लहान असली तरी तत्त्वाने मोठी आहे.

मात्र हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात संपत नाही. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला घर भाड्याने न देणारा, त्याचे नाव कळताच त्याला कामावरून काढणारा, त्याच्या मुलांना त्याच्या गुन्ह्याने हाक मारणारा जो समाज, तो न्यायाधीशाने ठरवून दिलेल्या मुदतीनंतरही शिक्षा चालू ठेवतो, आणि ती शिक्षा कोणत्याही कलमाखाली दिलेली नसल्यामुळे तिला मुदत नसते, अपील नसते आणि माफीही नसते. दंडाचा अधिकार आपण राज्याला दिला तो सर्वांच्या वतीने दिला. तेव्हा तो दंड पुरा झाला हे मान्य करण्याचे कर्तव्यही सर्वांवर येते. निर्दोष मनाला दंडापासून वाचविणारे अपवाद कायद्याने लिहून ठेवले आहेत आणि त्यांचा आदर न्यायालयाने करावयाचा आहे. पण दोषी ठरून दंड भोगलेल्या माणसाला पुन्हा आपल्यात घेणे हे शंखाचे काम आहे, ते न्यायालय करू शकत नाही, तुम्हाआम्हांलाच करावे लागेल. जो समाज हे करीत नाही त्याला अपराध्याचे हात तोडण्याचा, म्हणजेच त्याला दंड करण्याचा, नैतिक अधिकार उरत नाही.